सत्तावीस वजा एकोणीस

तेमुकोच्या जुलैत खिडकी उघडायची सोय नाही.
शहरभर ओल्या लाकडाच्या चुली,
धूर नदीवरून उठतो आणि परत अंगावरच बसतो.
आत फ्रीझर उणे ऐंशीवर गुरगुरतोय.
मी हातमोजे बदलते. आजचा नववा जोड.

आरएनए फार हळवा, डॉक्टर ओपित्स सांगायचे,
बोटाचा घाम लागला तरी संपला.
म्हणून त्याच्याजवळ आम्ही बोलतसुद्धा नाही.

नमुना चारशे सतरा. पित्ताशय. स्त्री. वय एकसष्ट.
नाव कळू नये असाच नियम आहे.
पण तारीख आहे, आणि गावाच्या रकान्यात चोलचोल,
आणि त्या मंगळवारी त्या गावाहून आलेल्या बाईला
बसस्टँडवरून मीच आणलं होतं,
तिचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं.

एर्सिलिया आत्या.

आत्या बोलत नाही. मुकी नाही, पण बोलत नाही.
तिच्या नावावर जमीन नाही, दुकान नाही, मूल नाही.
जनगणनेच्या माणसाने विचारलं, ही काय करते?
माझे पाचही काका एकमेकांकडे बघत राहिले.
पण बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या त्या रात्री
तिने किटली टेबलावर ठेवली, जरा जोरात,
आणि सगळे खाली बसले.

शाळेत आम्ही पाठ केलं होतं:
जनुकातून निरोप, निरोपातून प्रथिन.
निरोप्याने निरोप द्यावा आणि विरून जावं.
ज्यातून काहीच बनत नाही ती सगळी अडगळ,
आणि अडगळच जास्त.
पुढे कळलं की अडगळीत कुणीतरी राहतंय.

बावीस अक्षरांची एवढीशी ओळ,
काही घडवत नाही,
वाढत सुटलेल्या पेशीच्या खांद्यावर हात ठेवते
आणि म्हणते, पुरे.
दुसरी एक, हजारो अक्षरं लांब,
तीही काही घडवत नाही,
पण वेडीवाकडी माजली की
या एवढ्याशा ओळी स्पंजासारख्या शोषून घेते.
मग पुरे म्हणायला कुणी उरत नाही.
कुंपणाने शेत खाल्लं तर निदान दिसतं तरी.
इथे कुंपण जागच्या जागी उभं,
नुसतं ऐकू येईनासं झालेलं.

रात्री सव्वाला पडद्यावर रेघा चढू लागल्या.
तिच्याच पित्ताशयाचा निरोगी काठ: सत्तावीसाव्या फेरीला.
गाठ: एकोणिसाव्या.
जितकं जास्त, तितकं लवकर दिसतं,
आणि प्रत्येक फेरीला दुप्पट.
मी कागदावर मांडलं, दोन, चार, आठ, सोळा,
मशीनने आधीच सांगितलं असताना.
दोनशे छप्पन पट.

सकाळी डॉक्टर म्हणाले, एका नमुन्यावर उड्या मारू नकोस.
हे कारण आहे की नुसती खूण, कुणाला माहीत?
बरोबर आहे.
धूर दिसला म्हणून चूल कुणी पेटवली ते कळत नाही.
मी मान हलवली. नाव सांगितलं नाही.
रकान्यात लिहिलं: चारशे सतरा, मोजणी वैध.

रविवारी चोलचोलला गेले.
आत्या धुरावर वाळवलेल्या मिरच्या कुटत होती,
एका हाताने; दुसरा टाक्यांवर.
खिडकीत कॉफीच्या बाटलीत तिचे सात खडे,
दवाखान्याने धुऊन दिलेले,
उन्हात हिरवट, चिंचोक्यांएवढे.
तेवढेच दाखवून काका पाहुण्यांना सांगतात,
हे एवढंच होतं, निघालं.

तिने विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.
नियमच आहे तसा.
इतकी वर्षं त्या घरात तिचं गप्प बसणं
मला छपरासारखं वाटायचं.
त्या दुपारी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

मग तिने किटली माझ्यापुढे ठेवली.
नेहमीपेक्षा हळू.